ठोकळा

पाय धुणाऱ्या माणसाकडे बघून कुणाला राग येतो का? डेंटरला आला. गाड्यांचे पत्रे ठोकून सरळ करणं हा त्याचा धंदा, आणि रंगवाल्याकडून थिनरचा डबा घेऊन तो गॅरेजकडे परत चालला होता. उन्हं जरा कलली होती. नेहमीच्या रस्त्यावर गटार खणून ठेवलं होतं म्हणून तो मशिदीच्या गल्लीत शिरला, एवढंच निमित्त. फाटक उघडं होतं. आत नळांची रांग होती, समोर बसायला दगडी बैठे ओटे होते आणि एका ओट्यावर बसून एक माणूस पाय धूत होता. घाई नव्हती त्याला. पायाच्या बोटांच्या बेचक्यांतून तो एकेक करून करंगळी फिरवत होता, तान्ह्या मुलाचे पाय धुवावेत तसा. डेंटर बघत राहिला, कारण इतक्या मायेने स्वतःचे पाय धुताना त्याने कुणाला पाहिलं नव्हतं. मग त्या माणसाने नळ बंद करायला उजवा हात वर केला आणि डेंटरला तो अंगठा दिसला. वरचं पेर नसलेला, पुढे गोळा झालेला. थिनरचा डबा हातातून निसटला नाही, पण कडी तळहातात रुतली. हेच पाय. धाकटा खाली पडल्यावर त्याच्या बरगड्यांवर जे पडले ते हेच पाय, आणि आता ते स्वच्छ होत होते.

धाकटा म्हणजे डेंटरचा धाकटा भाऊ. गॅरेज दोघांचं होतं. मुडपलेला पत्रा सरळ करायचा तर दोन माणसं लागतात. एक बाहेरून हातोडी मारतो आणि दुसरा आतून लोखंडी ठोकळा धरतो, पत्र्याला चिकटवून. प्रत्येक घाव पत्र्यातून ठोकळ्यात आणि ठोकळ्यातून धरणाऱ्याच्या मनगटात जातो. धाकटा ठोकळा धरायचा. दिसत काही नसताना दादाची हातोडी पुढे कुठे पडणार ते त्याला बरोबर कळायचं आणि ठोकळा आधीच तिथे जाऊन थांबलेला असायचा. बोलत मात्र तो सारखा असायचा. "दादा, आज वहिनीशी भांडून आलास वाटतं. घाव जड पडतायत." ही जीभच त्याला नडली. एका मालवाहू गाडीच्या ड्रायव्हरने मागे घेताना, नुकत्याच रंगवलेल्या, अजून ओल्या असलेल्या दरवाजावर गाडी घातली. धाकटा हसून म्हणाला, "अर्ध्या अंगठ्याने स्टिअरिंग धरल्यावर दुसरं काय होणार!" सगळी गल्ली हसली. ड्रायव्हर हसला नाही. तो गाडीत वाकला आणि टायर उतरवायची टॉमी घेऊन खाली आला. डेंटर तेव्हा बॉनेटखाली डोकं घालून होता. त्याने पाहिलं काहीच नाही, फक्त ऐकलं. पत्र्यावरचा घाव वाजतो, लांबपर्यंत वाजतो. हा वाजला नाही. बसला. वीस वर्षं लोखंडावर लोखंड ऐकणाऱ्या माणसाला त्या आवाजाचं काय करायचं ते कळलं नाही, म्हणून तो क्षणभर तसाच वाकून राहिला. बाहेर येईपर्यंत ते पाय आपलं काम करत होते. धाकट्याच्या डोक्याला कानाच्या वर एक खळगा पडला होता, आणि डेंटरच्या डोक्यात पहिला विचार आला तो असा, की हे आतून ठोकळा लावून काढता येणार नाही. त्या विचाराची किळस त्याला अजून येते. रात्री येते, जेवताना येते, गिऱ्हाइकाशी हसताना येते.

न्यायालयात त्या माणसाने मान वर केली नव्हती. साक्ष समोरच्या दुकानदाराची झाली. डेंटरला कुणी काही विचारलंच नाही. शिक्षा ऐकवली तेव्हा सरकारी वकिलाने डेंटरच्या पाठीवर थाप मारली, जणू लग्न जमलं होतं. मग वर्षं गेली. डेंटरचे केस गेले, दाढी पांढरी झाली. ठोकळा धरायला त्याने दुसरा माणूस ठेवला नाही, एका हाताने धरून दुसऱ्या हाताने मारायला तो शिकला. तशाने काम होतं, पण मनगटं सुजतात.

"आत या की. उन्हात का उभे?"

पांढऱ्या टोपीतला एक मध्यमवयीन माणूस फाटकाशी आला होता. ते इमामसाहेब. नमाज पढवणारे. पूर्वी ते शाळेत गणित शिकवायचे आणि बोलताना अजून हवेत खडू धरल्यासारखी बोटं करायचे. डेंटर म्हणाला, "मला जरा बघायचं होतं." आत कुणाला बघायचं होतं ते बोलला नाही. "बघा ना. बघायला तिकीट नाही इथे." मागून एक म्हातारा ओरडला, "तिकीट असतं तर मीच फाडलं असतं!" तो जन्मभर बसचा कंडक्टर होता आणि आता मशिदीत रांगा लावायचा. त्याला सगळे चाचा म्हणत. "पहिल्यांदा येताय? काही शिकायचंय?" इमामसाहेबांनी विचारलं. डेंटरची मान हलली. माणूस खोटं बोलतो तेव्हा शब्द शोधावे लागतात, त्याला तेही लागले नाहीत. जोडे काढून तो आत गेला आणि मागे, भिंतीला टेकून बसला.

तेव्हापासून तो जायला लागला. चहाच्या वेळेला गॅरेजचं शटर अर्धं ओढायचा आणि निघायचा. शर्टाच्या आत, पँटच्या पट्ट्यात, आखूड दांड्याची हातोडी असायची. एका तोंडाला चपटी, दुसऱ्या तोंडाला टोकदार, बारीक खळगे काढायची. पहिल्या दिवशी कशासाठी घेतली ते त्याने मनाशी बोलून दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी दाखवलं. टोकाच्या बाजूने. कानाच्या वर. त्यानंतर ते चित्र त्याला कुठेही गाठायचं. गाडीच्या छतावर हातोडी मारताना छत नसायचंच, डोकं असायचं. भाकरीचा तुकडा मोडताना तोंडात रक्ताची चव यायची, स्वतःचीच जीभ चावलेली असायची. लहानपणी बाप पट्ट्याने मारायचा तेव्हा दोघं भाऊ पलंगाखाली शिरायचे आणि धाकटा तिथेही कुजबुजत असायचा, "दादा, आज नेम चुकतोय त्याचा." बापाचा हात आता आपल्या हातात उतरलाय, तोच जाडपणा, तीच खाज, असं त्याला वाटायचं. आणि याची त्याला लाज वाटत नव्हती. बरं वाटत होतं. कितीतरी वर्षांनी अंगात काहीतरी जिवंत होतं.

इमामसाहेब शिकवत होते, तो ऐकत होता. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. अंगठ्या, मनात त्याने त्याला हेच नाव दिलं होतं, रोज यायचा नाही. कुठल्याशा गोदामात हमाली करायचा, पाळी सुटली की यायचा. तोवर वेळ काढायचा होता. आत बघायलाही काही नव्हतं. भिंती पांढऱ्या, कोऱ्या. चित्र नाही, मूर्ती नाही, डोळा अडकेल असा खिळा नाही. नजर फिरून फिरून समोरच्या रांगेतल्या मानांवर यायची. इमामसाहेबांनी त्याला नळाशी बसवून हात धुवायला शिकवलं. आधी मनगटापर्यंत, मग चूळ, मग नाक, मग चेहरा, मग कोपरापर्यंत हात, उजवा आधी. ओला हात डोक्यावरून. शेवटी पाय. "लपलेली जागा कोरडी राहू द्यायची नाही," ते म्हणाले आणि बोटांच्या बेचक्या दाखवल्या. डेंटरने करंगळी घातली आणि ती बाहेर ओढून घेतली. अंगावर काटा आला. तोच हात, तीच माया, स्वतःच्या पायांवर. घरी बायकोने त्याच दिवशी हेरलं. "अहो, तीस वर्षं कोपरापर्यंत ग्रीस घेऊन पानावर बसलात. आता कुठून धुऊन येता?" तो म्हणाला, "मशिदीतून." ती इतकी हसली की तिला उचकी लागली. "बाई असती तर पटलं तरी असतं!" मग तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिची उचकी थांबली. ताटात वाढताना तिचा हात त्याच्या मनगटावर जरा जास्त वेळ राहिला.

"नमाजेच्या आधी नियत करायची," एकदा इमामसाहेब म्हणाले, "मनात. मोठ्याने बोलायची गरज नाही. काम कसलंही असो, नियत कशी आहे त्यावर तोललं जातं." नियत हा शब्द डेंटरला ठाऊक होता, पण तो शिवीसारखाच. अमक्याची नियत फिरली, तमक्याची नियत खराब. नियत करायची असते, हात धुतल्यासारखी, हे नवीन होतं. "आणि वाईट असली तर?" त्याने विचारलं. "वाईट मनात आणलं आणि केलं नाही, तर उलट एक पुण्य लिहिलं जातं. असं आम्ही मानतो." डेंटर मनात मोठ्याने हसला. म्हणजे मी रोज इथे येऊन पुण्यच कमावतोय की! पट्ट्यातली हातोडी पोटाला गार लागत होती. मग एका दुपारी, कुणी नसताना, त्याने विचारून टाकलं, "माणूस मारणाऱ्याला माफी असते का तुमच्यात?" इमामसाहेबांनी बोटांतला नसलेला खडू खाली ठेवला. "देवाचा हिशेब देव बघेल. पण रक्ताचा हक्क मेलेल्याच्या घरच्यांचा. न्याय मागायचा की सोडून द्यायचं, हे त्यांनी बोलायचं. मी किंवा दुसरं कुणी त्यांच्या वतीने माफ करू शकत नाही." "आणि त्यांना कुणी विचारलंच नसेल तर?" "मग ते अजून बाकी आहे," इमामसाहेब म्हणाले. "पण हातात शस्त्र घेऊन ते वसूल करायचं नसतं हो. का विचारलंत?" "सहज." भिंतीला टेकलेली पाठ त्याला भिजल्यासारखी वाटली. न्यायाधीश, वकील, पोलीस, नातेवाईक, एवढ्या सगळ्यांत त्याचा शब्द बाकी आहे असं म्हणणारा हाच पहिला माणूस. आणि याच्याच अंगणात आपण रक्त सांडणार. शस्त्राचं ते वाक्य त्याने ऐकलं नाही असं त्याने स्वतःला सांगितलं.

सलामाची गोष्ट त्याआधीची. चाचा रोज म्हणायचा, "सलाम, डेंटरसाहेब," आणि डेंटर नुसती मान हलवायचा. एकदा चाचा चिडला. "अहो, मान काय हलवता बैलासारखी! सलाम करणं खुशीचं, पण उत्तर देणं भाग असतं." इमामसाहेबांनी समजावलं, "सलाम म्हणजे नुसतं राम राम नाही. मी तुला शब्द देतो, माझ्याकडून तुला धोका नाही, असा तो अर्थ. आणि उत्तर देणारा तोच शब्द परत देतो." "शब्द," डेंटर म्हणाला. शब्दाचं त्याला कळत होतं. गॅरेजच्या धंद्यात अमक्या दिवशी गाडी देतो म्हणणं आणि न देणं हा रिवाजच. डेंटर देत असे. तापाने फणफणलेला असला तरी. धाकटा चिडवायचा, "दादाने शब्द दिलाय, आता गाडी नाही मिळाली तर हा स्वतःच गिऱ्हाइकाला पाठीवर घेऊन जाईल." म्हणून चाचाच्या सलामाला तो रोज वालेकुम सलाम म्हणायला लागला. चाचाला द्यायला काय हरकत होती? चाचाला त्याच्याकडून धोका नव्हताच.

माफीचं विचारल्यानंतर काही दिवसांनी अंगठ्या आला तेव्हा दुपारनंतरच्या नमाजेसाठी रांगा लागत होत्या. डेंटर मागे भिंतीशी होता. अंगठ्या रांगेच्या डाव्या टोकाला गेला आणि त्याच्या उजव्या बाजूला एका माणसाएवढी फट राहिली. "फट ठेवू नका! पुढे सरका, खांद्याला खांदा!" चाचा ओरडला, अजून बसमध्येच असल्यासारखा. मग मागे वळून, "तुम्ही नुसतेच बसता रोज. या, भरा जागा." इमामसाहेबांनी आजवर त्याला कधी रांगेत बोलावलं नव्हतं, बघायला आलात तर बसून बघा, म्हणायचे. पण आता ते पाठमोरे उभे होते. डेंटर उठला. पाय आपोआप चालले. खांद्याला खांदा लागला. अंगठ्याच्या अंगाला गोदामातल्या गोणपाटाचा वास होता आणि ओल्या साबणाचा. दंड गरम होता. इतक्या वर्षांत या माणसाला त्याने मनात हजारदा मारलं होतं, पण त्याच्या अंगाला ऊब असेल हे त्यात कधी आलं नव्हतं.

सगळे वाकले तसा तो वाकला. हातोडीचा दांडा बरगडीखाली घुसला. घुसू दे. या नमाजेत मोठ्याने काही म्हणत नाहीत, फक्त उठण्या-वाकण्याची हाक, म्हणून सगळीकडे श्वास ऐकू येत होते. मग रांग खाली गेली, कपाळं गालिच्यावर. हीच ती वेळ. त्याने किती वेळा मागून पाहून ठेवलं होतं, या वेळी कुणी कुणाला बघत नाही आणि मान उघडी असते. त्याने डोकं उचललं. अंगठ्याची मान हातभर अंतरावर होती. काळी, सुरकुतलेली, केसांच्या रेषेखाली तो मऊ खोलगट भाग. डेंटरचा हात शर्टाखाली गेला. हातोडी पट्ट्यातून अर्धी वर आली. टोक कुठे ठेवायचं ते बघायला नजर वर सरकली आणि तिथे, कानाच्या मागे, आखूड केसांतून त्याला एक खळगा दिसला. जुना. वर कातडी ताणून शिवलेली. डेंटरचा डोळा पत्र्यावर घडलेला, तो नको तेव्हाही मोजतो. घाव वरून आलेला, बोथट वस्तूचा, मारणारा उंच. तुरुंगात असेल. कुणीतरी आपल्या आधी येऊन गेलं होतं. संताप अंगातून उसळला, पण कशाचा ते कळेना. माझ्या हक्काची जागा कुणी घेतली? की हा खळगा धाकट्याच्या खळग्यासारखा दिसतो म्हणून? तो बघत राहिला, आणि हाक झाली, सगळे उठून बसले. लगेच पुन्हा खाली. दुसरी संधी. या वेळी त्याचंच कपाळ गालिच्याला टेकलं होतं आणि ते वर येईना. गालिच्याला माणसांच्या पायांचा वास होता, धुतलेल्या पायांचा. पलंगाखाली असाच वास यायचा, धुळीचा आणि उबेचा. तिथे तोंडाजवळ धाकट्याचं तोंड असायचं. उठ, तो स्वतःला म्हणत होता, उठ रे नामर्दा, घाल. दात इतके दाबले गेले की कानात कट् वाजलं. हाक झाली. पुन्हा उभं राहणं, पुन्हा वाकणं, पुन्हा खाली, आणि प्रत्येक वेळी मान तिथेच, हात तिथेच. बाहेर, त्याने शेवटी ठरवलं. जोडे घालायला वाकेल तेव्हा. त्या वेळी समोरून. धाकट्याचं नाव ऐकवून.

शेवटच्या बैठकीत सगळे गुडघ्यांवर बसले होते. डेंटरची नजर डावीकडे होती, मांडीवर ठेवलेल्या त्या अर्ध्या अंगठ्यावर. नमाज संपताना आधी उजवीकडे, मग डावीकडे तोंड वळवून सलाम करायचा असतो हे इमामसाहेबांनी सांगितलं होतं, पण ते ऐकण्यापुरतं. हाक झाली आणि अख्ख्या रांगेची तोंडं उजवीकडे वळली. एकट्या डेंटरचं डावीकडे राहिलं. त्यामुळे अंगठ्याचं तोंड सरळ त्याच्या तोंडासमोर आलं, श्वास लागेल इतकं जवळ. डोळे पिवळट, पापण्या अजून ओल्या. ओठ हलले, "अस्सलामु अलैकुम व रहमतुल्लाह."

"वालेकुम सलाम," डेंटर म्हणाला.

मोठ्याने म्हणाला. रोज चाचाला म्हणायचा तसं, सवयीने, खणखणीत. शांत मशिदीत ते भांडं पडल्यासारखं वाजलं. मागे कुणीतरी हसू दाबलं. अंगठ्याने आधी आपला दुसरा सलाम डावीकडे पुरा केला, मग परत वळून हलकेच हसला. पुढचे दोन दात नव्हते. "त्याला उत्तर द्यायचं नसतं, भाऊ. तो शेजाऱ्यांना आणि फरिश्त्यांना असतो. मीपण पहिल्यांदा हेच केलं होतं. आत असताना." त्याने डेंटरच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात. अर्ध्या अंगठ्याचा दाब कापडातून लागला. ओळख नव्हती त्या डोळ्यांत, जराही नाही. ज्याच्यासाठी डेंटर इतकी वर्षं जळला त्याच्या लेखी तो नवशिका होता, आपल्यासारखाच चुकणारा.

जोड्यांची मांडणी बाहेर अंगणात होती, पत्र्याची, उंच. अंगठ्या वाकून चपला काढत होता. मान पुन्हा समोर. डेंटरने हातोडी बाहेर काढली. लपवली नाही. "ओल्या रंगाचा दरवाजा आठवतो?" तो म्हणाला. "अर्ध्या अंगठ्याने स्टिअरिंग धरतो, कोण म्हणालं होतं?" वाकलेला माणूस वर आला नाही. चपला हातातून सुटल्या. मग तो पायरीवर बसला आणि मान तशीच खाली राहिली, न्यायालयात होती तशी. तसाच म्हणाला, "मोठा भाऊ?" "हो." "मार."

"मारू कसा!" डेंटर ओरडला. आवाज फाटला. "तोंडातून गेलं ना माझ्या! हरामखोरा, उत्तर गेलं तुला! बावळटासारखं, सगळ्यांच्या देखत!" "ते धरलं जात नाही," तो माणूस मान न उचलता म्हणाला. "चुकून गेलं. मार तू." "चुकून गेला तरी शब्द माझाच होता!" आणि हातोडी चालली. मांडणीवर. धाडकन पत्रा आत गेला, जोडे उडाले, तो मारत होता, टोकाने, चपट्या बाजूने, बापाच्या हाताने, मनगट सुटेल असं वाटेपर्यंत, आणि प्रत्येक घाव वाजत होता, गल्लीभर वाजत होता. लोक धावत आले. इमामसाहेबांनी दोन्ही हात पसरून सगळ्यांना अडवलं. डेंटरचा त्या दुपारचा प्रश्न कशाचा होता ते त्यांना आता कळलं असावं, कारण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. कंडक्टरचाचा तेवढा म्हणाला, "अरे, माझे जोडे आहेत त्यात."

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला डेंटर आला तो ठोकळा घेऊन. मांडणी दुरुस्त करून देतो, म्हणाला. रात्रभर तो झोपला नव्हता, बायको शेजारी जागी होती. मांडणी भिंतीपासून ओढून त्याने उन्हात आणली. पत्रा जागोजागी आत गेला होता, मोठं काम होतं, एका माणसाचं नव्हतंच. पायरीवर तो माणूस बसलेला होता. बोलावल्याशिवाय आलेला, कधीपासून कोण जाणे. डेंटरने त्याच्याकडे पाहिलं नाही. "तुला माफ केलेलं नाही," तो पत्र्याशी बोलल्यासारखं म्हणाला. "माझं बोलणं अजून बाकी आहे." "हो." "मग बसलायस काय? ठोकळा धर."

तो माणूस मांडणीच्या मागे गेला. आता दिसत नव्हता. ठोकळा पत्र्याला टेकल्याचा बारीक आवाज आला, चुकीच्या जागी. "वर. अजून वर. हां. दाबून धर, हलवू नकोस. लागेल." डेंटरने हातोडी उचलली. घाव हळू घालायचा असतो, खळग्याच्या कडेने, मधोमध कधीच नाही. त्याने मधोमध घातला, सगळ्या ताकदीने. पलीकडून हुंकार आला. ठोकळा हलला नाही. त्याने दुसरा घातला. तिसरा. मग थांबला, हातोडी पत्र्यावर टेकवून, कारण कितीतरी वर्षांनी पत्र्याच्या पलीकडे कुणीतरी होतं, आणि त्या हाताची थरथर लोखंडातून त्याच्या मनगटापर्यंत येत होती. धाकटा असता तर आतापर्यंत काहीतरी बोलला असता. डेंटर ऐकत उभा राहिला. पलीकडून काही आलं नाही. मग त्याने हातोडी उचलली आणि या वेळी कडेने मारली.